जुना पीसी, नवा २७ इंची १४४०पी मॉनिटर: काय बदललं, काय ठेवलं आणि कसं चाललंय

२०१८-१९ च्या सुमाराला ज्यांनी गेमिंग पीसी बनवला त्यातल्या बऱ्याच जणांच्या डब्यात साधारण हेच सापडेल, रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक आणि जीटीएक्स १०६० ६ जीबी. माझा पीसी पण तोच, गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंग करत होतो तेव्हाचा, आणि १०८०पी वर त्याने कधी तक्रार करायला जागा दिली नाही. मग घरी २७ इंची १४४०पी, १८० हर्ट्झचा (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा) आयपीएस पॅनेलचा मॉनिटर आणला आणि तेव्हापासून फोंड्यातले अर्धे मित्र एकच सांगत होते की आता हा डबा विक आणि एएम५ वर, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर, नवीन बनव. मी नाही विकला. आणि चार-पाच महिने वापरून सांगतो, विकायची अजिबात गरज नव्हती, फक्त पैसा कुठे टाकायचा ते नीट समजून घ्यायला हवं. त्याचाच हा रिव्ह्यू, पार्ट्सचा पण आणि जिथून घेतले त्या दुकानाचा पण.

आधी गणित, कारण सगळं इथूनच सुरू होतं. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे २५६० गुणिले १४४०, साधारण ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला जवळजवळ पावणेदोन पट पिक्सेल रंगवायचे, आणि हे सगळं काम ग्राफिक्स कार्डाचं. प्रोसेसरचं काम मात्र रिझोल्यूशन वाढलं म्हणून फारसं वाढत नाही, त्याला शत्रू कुठे आहे, गाडी कुठे वळली, भिंत कुठे पडली हेच बघायचंय, मग पडदा कितीही मोठा असू दे. म्हणून १०८०पी वरून १४४०पी वर जाताना ओझं कार्डावर सरकतं आणि जुना प्रोसेसर उलट थोडा मोकळा होतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की "सगळंच बदल" म्हणणाऱ्यांचं किती ऐकायचं ते आपोआप कळतं.

मॉनिटर पहिला जुन्या कार्डालाच लावला. १०६० ला डिस्प्लेपोर्ट १.४ आहे त्यामुळे डेस्कटॉप १४४०पी वर १८० हर्ट्झला लगेच चालला (विंडोज आपणहून ६० हर्ट्झवर ठेवतं, ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हाताने बदलावं लागतं, हे नाही केलं तर हाय रिफ्रेशचा पैसा वाया). व्हॅलोरंट पण छान चाललं, तो गेम हलकाच आहे. पण सायबरपंक २०७७ मीडियमवर लावला तर सेकंदाला तीस फ्रेम पण गाठेना, आणि सेटिंग अजून खाली आणावं तर मग १४४०पी कशाला घेतला. ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) तर मेनूमध्येच लाल होऊन बसतो. त्यात एनव्हिडियाने सांगून टाकलं की पास्कल पिढीच्या कार्डांना, म्हणजे १०६० पण त्यातच, ऑक्टोबर २०२५ नंतर नवीन गेम रेडी ड्रायव्हर नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट, ते २०२८ पर्यंत. जुलै २०१६ चं कार्ड, नऊ वर्षं चाललं, त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या मॉनिटरसाठी ते नाही.

आता कार्ड. मी घेतलं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं, जून २०२५ मध्ये आलेलं. मी घेतलं तेव्हा ३७ हजारांच्या आसपास पडलं. हेच का घेतलं ते जरा सविस्तर सांगतो कारण जुन्या बोर्डवाल्यांनी इथेच नीट बघायला हवं आणि इथेच कोणी बघत नाही.

बी४५० बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस ३.० (बोर्ड आणि कार्डामधला डेटाचा रस्ता) आहे. नवीन प्रोसेसर टाकला तरी ते ३.० च राहतं. आता या किमतीतली बरीच नवीन कार्डं १६ लेनऐवजी ८ लेनचीच असतात, आरटीएक्स ४०६० घ्या, ५०६० टीआय घ्या, आरएक्स ७६०० घ्या, सगळी ८ लेन. नवीन बोर्डावर काही बिघडत नाही, कारण तिथली प्रत्येक लेन वेगवान आहे. पण ३.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीचाच रस्ता, आणि १६ लेन म्हणजे त्याच्या दुप्पट. कार्डाची स्वतःची मेमरी पुरत असेल तोवर हा फरक फार दिसत नाही, पण व्हीरॅम भरला आणि कार्डाला टेक्स्चर सिस्टिम रॅममधून ओढायची वेळ आली की याच रस्त्यावर सगळा जाम होतो, आणि मग ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरा दिसतो पण गेम मध्येच गचके खातो. म्हणजे जुन्या बोर्डावर ८ जीबी आणि ८ लेन ही जोडी सगळ्यात वाईट. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, वर १६ जीबी मेमरी. जुन्या बोर्डवाल्याला या पैशात याहून चांगलं जमणारं कार्ड मला तरी दिसलं नाही.

आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी पण बघितलं होतं. रे ट्रेसिंगमध्ये (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यात) ते पुढे आहे, आणि कोणी ब्लेंडर किंवा कुडा (फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालणारं सॉफ्टवेअर) लागणारं काम करत असेल तर त्याने सरळ तेच घ्यावं, तिथे एएमडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. मी फक्त गेम खेळतो आणि ते तेव्हा आठ-नऊ हजारांनी महाग होतं, तेवढ्यात माझा प्रोसेसर आला असता. आणि आला पण.

खेळायला कसं आहे? एका शब्दात, मस्त. सायबरपंक हाय सेटिंगवर रे ट्रेसिंग बंद ठेवून १४४०पी ला सत्तरीच्या आसपास राहतं, आणि एफएसआर ४ (गेम कमी रिझोल्यूशनवर चालवून चित्र मोठं करणारं एएमडीचं अपस्केलिंग) क्वालिटीवर टाकलं की त्याच्या बरंच वर. एफएसआर बद्दल आधी माझं मत चांगलं नव्हतं, १०६० वर जुनं एफएसआर वापरायचो तेव्हा केस, जाळ्या, झाडाची पानं सगळं चुरचुरायचं. ४ मध्ये ते जवळजवळ गेलंय. क्वालिटी मोडमध्ये गेम आतून १७०७ गुणिले ९६० वर चालतो, म्हणजे १०८०पी पेक्षा पण कमी, आणि तरी पडद्यावर १४४०पी सारखा दिसतो, मी दोन्ही शेजारी लावून बघितलं, चालत्या गेममध्ये फरक शोधावा लागतो. अडचण एवढीच की सगळ्या गेममध्ये ते येत नाही. एल्डन रिंगमध्ये अपस्केलिंग काहीच नाही, पण तो गेम ६० वरच लॉक आहे आणि कार्ड ते ६० आरामात देतं, पंखे पण ऐकू येत नाहीत.

मॉनिटरबद्दल दोन ओळी. २४ इंची १०८०पी ला इंचाला साधारण ९२ पिक्सेल येतात, २७ इंची १४४०पी ला १०९. गेमपेक्षा हा फरक मला मराठी वाचताना जास्त जाणवला, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या आता फुटत नाहीत, दिवसभर ऑफिसचं काम त्याच पडद्यावर करतो तर डोळ्यांना खरंच आराम आहे. स्केलिंग १०० टक्क्यांवरच ठेवलंय. रात्री अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात आयपीएसचा पांढुरका उजेड दिसतो, काळा रंग पूर्ण काळा नसतो, हे मान्य करूनच घ्या. व्हीए पॅनेलमध्ये काळा जास्त चांगला, पण बऱ्याच व्हीए मॉनिटरवर अंधाऱ्या सीनमध्ये हलणाऱ्या गोष्टीमागे डाग ओढल्यासारखा दिसतो, मला ते सहन होत नाही. फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारं सेटिंग) चालू ठेवा, एफपीएस ६५ वरून ८० वर उडत राहिला तरी चित्र फाटत नाही, आणि मधल्या किमतीच्या कार्डाला हा सगळ्यात मोठा आधार आहे.

प्रोसेसर बदलायचा की नाही यावर मी बराच विचार केला. नुसतं कार्ड टाकून २६०० वर पण खेळून बघितलं. ॲव्हरेज एफपीएस चांगला मिळतो, पण गर्दीच्या जागी, सायबरपंकच्या बाजारात वगैरे, अचानक खाली पडतो, कार्डाचा वापर साठ टक्क्यांवर येतो म्हणजे कार्ड थांबून वाट बघतंय. म्हणून रायझन ५ ५६०० टाकला, साडेनऊ हजारांच्या आसपास. दोन्ही ६ कोर, दोन्ही ६५ वॅट, कागदावर भावंडंच वाटतात, पण २६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आणि तो पण ८-८ असा दोन भागात, ५६०० मध्ये सलग ३२ एमबी, आणि आतला कोर दोन पिढ्या पुढचा. त्याच बाजारात आता पडझड होत नाही. वर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) पण मिळतो, जो २६०० वर अधिकृतपणे नाही. ५७००एक्स३डी मिळाला असता तर अजून छान, पण त्याचं उत्पादन थांबलंय आणि जे उरलेत त्यांचे भाव बघून मी तो नाद सोडला.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी मुद्दाम एवढं लिहायला बसलो. प्रोसेसर बदलायच्या आधी बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतं, जुना बायोस ५६०० ला ओळखतच नाही, आणि अपडेट जुन्या प्रोसेसरवर असतानाच करायचं. ते चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मेला असं समजा, सगळ्या बोर्डांवर फ्लॅशबॅकचं (बिघडलेला बायोस परत टाकायचं) बटण नसतं. आमच्याकडे पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, चवथीच्या नंतरचे दिवस, बाहेर गडगडाट, अशा वेळी हे काम करायचंच नाही. आकाश मोकळं असलेली सकाळ बघून, यूपीएस पूर्ण चार्ज करून, कार्ड काढून जुनं कार्ड लावून (यूपीएसवर भार कमी) मी केलं आणि पाच मिनिटांत झालं. अपडेट करताना बोर्ड कंपनीच्या पानावर एजेसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ किंवा त्याच्या पुढचा आहे ना ते बघा, कारण त्याच्या आधीच्या बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षेच्या किल्ल्या ठेवायची सोय) चालू असला की पीसी मध्येच अडखळायचा आणि विंडोज ११ ला तर एफटीपीएम लागतोच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हे काम तसंही करायचंच होतं.

अजून एक, प्रोसेसर बदलला की एफटीपीएममधल्या किल्ल्या जातात. पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर विचारतं, नवीन प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम रिसेट करू का. हो म्हणायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप) चालू आहे का ते माहीत हवं, नाहीतर विंडोज रिकव्हरी की मागून बसेल आणि ती कुठे लिहिलेली नसेल तर डेटा गेला. मी आधीच बिटलॉकर सस्पेंड केला होता आणि की कागदावर लिहून ठेवली होती. आणि कूलर काढताना पीसी आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, मग स्क्रू सोडवून हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. एएम४ मध्ये (माझ्या बोर्डाचं सॉकेट) पिना प्रोसेसरलाच असतात, जुनी वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरून बसते आणि सरळ वर ओढलं तर बंद सॉकेटमधून प्रोसेसर कूलरसकट वर येतो, पिना वाकतात.

रॅम तीच ठेवली. बायोस अपडेट झालं की एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद होतो आणि ३२०० ची रॅम २१३३ ला चालायला लागते, तो परत चालू केला एवढंच. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता डीडीआर५ घ्यायला लागली नाही याचंच मला सगळ्यात जास्त बरं वाटतं, एएम५ वर गेलो असतो तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर धरून अजून पस्तीस-चाळीस हजार सहज गेले असते आणि १४४०पी ला याच कार्डावर मिळणारा फरक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा.

एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ५५० वॅटचा होता. वॅट बघितले तर पुरला असता, हे कार्ड साधारण १६० वॅट खातं आणि १०६० खायची १२०, फार अंतर नाही. पण त्याची वॉरंटी संपून गेलेली, आणि इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जूनपासून भिंतींना हात लावला तरी ओल लागते, अशा हवेत सहा-सात पावसाळे काढलेल्या एसएमपीएसवर ३७ हजारांचं कार्ड लावायची माझी तयारी नव्हती. ६५० वॅटचा ब्राँझ रेटिंगचा घेतला. जुना उघडा न करता बाहेरून टॉर्च मारून बघितला तर आत पाल मरून पडलेली आणि धूळ ओलीने चिकटून जाळीला थर झालेला. ज्यांचं घर कळंगूट, मिरामार, कोलवा अशा किनाऱ्याच्या बाजूला आहे त्यांनी तर हे अजून मनावर घ्यावं, खारा वारा कनेक्टरला सोडत नाही. पावसाळ्यात पीसी रोज थोडा वेळ तरी चालू ठेवायचा, बंद पडून राहिलेला पीसी लवकर खराब होतो.

यूपीएसचं पण तसंच. जुना ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) चा होता, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटचा. कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, पंखे आणि मॉनिटर धरून गेममध्ये माझा भार ३०० च्या वर जातो, म्हणजे लाइट गेली की तो यूपीएस शटडाउन करायला पण वेळ देईलच असं नाही. म्हणून ११०० व्हीए, ६६० वॅटचा घेतला. आणि अर्थिंग एकदा तपासून घ्या, खास करून जुन्या घरात. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो, मे महिन्यात कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसी नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवायची वेळ आहे.

आता दुकान. पणजीत, १८ जून रस्त्यापासून आत एका गल्लीत, छोटं दुकान, नाव नाही लिहीत. कार्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस तिथून घेतलं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर हेच सगळं मिळून तीन-साडेतीन हजार कमी सांगत होते, आणि ऑनलाइन पण थोडं कमी होतं. तरी मी इथून घेतलं आणि परत घ्यायचं झालं तर इथूनच घेईन. मी तीन पंख्यांचं कार्ड घ्यायला गेलो होतो, दुकानदाराने आधी कॅबिनेटचं मॉडेल विचारलं, फोनवर मापं काढली आणि म्हणाला, "हें कार्ड तुज्या कॅबिनेटांत बसचें ना रे." माझ्या कॅबिनेटमध्ये पुढे हार्डडिस्कचा पिंजरा आहे, तो रिव्हेट मारलेला, काढता येत नाही, त्यामुळे २७० मिलिमीटरच्या वरचं कार्ड जातच नाही. महागडं कार्ड विकायची संधी सोडून त्याने मला दोन पंख्यांचं, दोन हजारांनी स्वस्त कार्ड दिलं. तापमानात पण काही कमी नाही, सत्तरच्या आत असतं.

बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून दिला, जो पुढे वॉरंटीला लागतोच, आणि कार्ड तिथेच त्यांच्या टेस्ट बेंचवर लावून, डिस्प्ले आलेला दाखवून मगच पॅक केलं. तीन-साडेतीन हजारांत मला हे सगळं मिळालं असं मी धरतो, कारण काही झालं तर कुरियरने कार्ड मुंबईला पाठवून महिनाभर वाट बघत बसण्यापेक्षा फोंड्याहून कदंबात (गोव्याची सरकारी बस) बसून तासाभरात दुकानात पोचणं कधीही बरं. कमी आहे ती एकच, साठा फार नसतो, मॉनिटर तर त्यांच्याकडे या मापाचा एकच होता आणि तो मला नको होता, म्हणून मॉनिटर बाहेरून घ्यावा लागला. शनिवारी दुपारी जाऊ नका, एकटा माणूस असतो आणि रिपेअरिंगवाल्यांची गर्दी असते, सकाळी लवकर गेलात तर बसून नीट बोलतो.

एकूण मॉनिटर धरून सगळं पाऊण लाखाच्या थोडं वर गेलं. मॉनिटर आधीच असेल तर अठरा हजार वजा करा. पैसे एकदम नसतील तर पहिलं कार्ड आणि एसएमपीएस, मग यूपीएस, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी, दोन-चार महिने थांबला तरी चालेल. कोणी ४के घ्यायचा विचार करत असेल तर हा रिव्ह्यू त्याच्यासाठी नाही, ४के म्हणजे १०८०पी च्या बरोबर चौपट पिक्सेल, तिथे ९०६० एक्सटी धापा टाकेल आणि त्याच्या वरचं कार्ड घ्यायला गेलात तर कॅबिनेट, एसएमपीएस सगळंच परत बघावं लागेल. १४४०पी असेल तर हेच घ्या, फक्त काउंटरवरच डब्यावर १६ जीबी लिहिलंय ना ते बघून घ्या, ८ जीबीवाल्याचं नाव अगदी हेच आहे आणि डबा पण तसाच दिसतो.